यंत्र नवे, पुस्तिका जुनी

गेल्या श्रावणात एका सकाळी अमडापुरातल्याच ओळखीच्या घरून बोलावणे आले. आजींना बरे नाही, दोन दिवसांपासून नुसत्या पडून आहेत, येऊन पाहून जा, असा निरोप होता. आजींचे वय ७१. मधुमेह १५ वर्षांपासूनचा. गोळ्या नियमित चालू, आणि घरात साखर तपासण्याचे यंत्रही होते. म्हणजे निष्काळजी घर नव्हे. मी गेलो तेव्हा आजींची जीभ कोरडी पडली होती, डोळे खोल गेले होते. हाक मारली की ‘हं’ म्हणायच्या आणि पुन्हा डोळे मिटायच्या.

मी विचारले, ‘‘साखर पाहिली का?’’

सूनबाई म्हणाल्या, ‘‘पाहिली ना डॉक्टरसाहेब. काल पाहिली, आज सकाळीही पाहिली. पण आकडाच येत नाही.’’

तेवढ्यात आठवीतला नातू हसत म्हणाला, ‘‘काका, नवी मशीन आजीला हाय म्हणते!’’

मी यंत्र मागवले, आजींचे बोट टोचून स्वतः पट्टी लावली. काही सेकंदांत काचेवर इंग्रजी ‘एच’ आणि ‘आय’ ही दोन अक्षरे उमटली. मुलाने उच्चार बरोबर केला होता, अर्थ मात्र चुकला होता. यंत्र नमस्कार करत नव्हते. ‘हाय’ म्हणजे जास्त. साखर इतकी वाढली आहे की माझ्या मोजमापात ती बसत नाही, असे ते सांगत होते. बहुतेक घरगुती यंत्रांची वरची मर्यादा ६०० असते. आजींची साखर त्याच्याही वर गेली होती, आणि हे यंत्र आदल्या दिवसापासून सांगत होते.

गाडी काढून आजींना खामगावला नेले. तेथे प्रयोगशाळेत साखर ६४२ निघाली. लघवीचा जंतुसंसर्ग झाला होता, त्यातून साखर भडकली आणि शरीरातले पाणी आटत गेले. सलाईन, इन्सुलिन आणि प्रतिजैविके देऊन सहाव्या दिवशी आजी घरी आल्या. आणखी एक रात्र गेली असती तर हा लेख मला लिहिता आला नसता, निदान या सुरात तरी नाही.

चूक कोणाची?

चार दिवसांनी सूनबाई दवाखान्यात आल्या. त्यांच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत नीट जपून ठेवलेली एक पुस्तिका होती. म्हणाल्या, ‘‘मी अंदाजाने वागले नाही हो. यात पाहिलं होतं.’’

मी पुस्तिका उघडली. ती त्यांच्या जुन्या यंत्राची होती. त्या यंत्रात साखर मर्यादेपलीकडे गेली की ‘एरर’ हा शब्द आणि पुढे एक आकडा येत असे, तसे पुस्तिकेत स्पष्ट लिहिले होते. सूनबाईंनी ‘हाय’ची अक्षरे शोधली, ती कुठेच नव्हती. ‘एरर’ तर आलेले नाही, मग भिण्याचे कारण नाही, असा त्यांनी अर्थ लावला. त्यांच्या हातातल्या कागदाप्रमाणे तो अर्थ अगदी बरोबर होता. कागदच चुकीचा होता.

मग नव्या यंत्राची पुस्तिका कुठे होती? हे यंत्र पुण्याला असलेल्या धाकट्या मुलाने दिवाळीत आणले होते. खोक्यात बारीक अक्षरांचा घडी घातलेला एक कागद होता, आणि त्यावर सविस्तर माहितीसाठी मोबाईलने टिपायचा चौकोनी कोड होता. मुलाने तो कोड आपल्या मोबाईलवर टिपला, यंत्र लावून दाखवले आणि तो पुण्याला परत गेला. खोके कागदासकट रद्दीत गेले. म्हणजे नवी पुस्तिका पुण्यात, छापील कागद रद्दीत, आणि जुन्या यंत्राची पुस्तिका मात्र कपाटात जिवापाड जपलेली! पुस्तिकाच नसती तर सूनबाईंनी आदल्या दिवशीच मला विचारले असते. चुकीच्या पुस्तिकेने त्यांना धीर दिला, आणि त्या धिरानेच घात होत होता.

वाचकहो, म्हणून आजचा विषय औषधाचा नाही, पथ्याचाही नाही. घरात आणि दवाखान्यात आरोग्याची जी यंत्रे आहेत, त्यांच्या माहितीपुस्तिका ताज्या कशा ठेवाव्यात, हा आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मोठ्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे. साखरेचे यंत्र, रक्तदाबाचे यंत्र, वाफेचे यंत्र आता खेड्यापाड्यांतल्या कपाटांतही पोचले आहे. यंत्र पोचले, त्याची नीट माहिती पोचली का, हा प्रश्न आहे.

पुस्तिका जुनी का होते?

पुस्तिका एकदा छापली की कायमची, अशी आपली समजूत असते. ती चार कारणांनी खोटी ठरते.

पहिले कारण, यंत्र बदलते. एकाच कंपनीची दोन यंत्रे दिसायला सारखी असतात, पण त्यांच्या खुणा वेगळ्या असतात. एकात जी खूण ‘बॅटरी संपली’ असे सांगते, तीच दुसऱ्यात ‘रक्त कमी पडले’ असे सांगू शकते. म्हणून पुस्तिका कंपनीच्या नावावरून जुळवायची नाही, मॉडेल क्रमांकावरून जुळवायची. हा क्रमांक यंत्राच्या पाठीवर बारीक अक्षरांत छापलेला असतो.

दुसरे कारण, यंत्रासोबतचे सामान बदलते. जुन्या काही साखर-यंत्रांत पट्ट्यांच्या डबीवरचा सांकेतिक आकडा यंत्रात जुळवावा लागे. तो जुळवला नाही तर साखर खरी असेल त्यापेक्षा कमी किंवा जास्त दिसे. नव्या बऱ्याच यंत्रांत हा खटाटोप नाही. डबी उघडल्यावर पट्ट्या किती महिने चालतात, हेही पट्टीपट्टीप्रमाणे वेगळे असते, आणि ते यंत्राच्या पुस्तिकेत नव्हे तर डबीसोबतच्या चिठ्ठीत लिहिलेले असते. ती चिठ्ठी आपण न उलगडताच फेकतो.

इन्सुलिनचेही तसेच आहे. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या दोन ताकदींच्या मिळतात, एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट आणि १०० युनिट. ४० साठीच्या सिरिंजला लाल टोपण असते, १०० साठीच्या सिरिंजला नारिंगी. १०० ची बाटली आणून ४० च्या सिरिंजने जुन्या खुणेपर्यंत भरले, तर अडीच पट इन्सुलिन शरीरात जाते. सवयीच्या हाताला हे कळत नाही. बाटलीसोबतच्या चिठ्ठीला कळते, पण ती वाचावी लागते.

तिसरे कारण, वैद्यकशास्त्राची माहिती बदलते. याचे एक उदाहरण सांगतो. पोटात द्राव सोडून करायच्या डायलिसिसमध्ये काही रुग्णांना इकोडेक्स्ट्रिन नावाचा पदार्थ देतात. त्यापासून शरीरात माल्टोज ही वेगळी साखर तयार होते. एका विशिष्ट प्रकारच्या पट्ट्यांना ग्लुकोज आणि माल्टोज यांतला फरक ओळखता येत नसे. रुग्णाची साखर प्रत्यक्षात खाली गेलेली असताना यंत्र ती वाढलेली दाखवी, आणि त्यावर विसंबून इन्सुलिन दिले जाई. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ऑगस्ट २००९ मध्ये याबाबत जाहीर इशारा दिला. तेव्हा १९९७ पासूनच्या काळात अशा १३ मृत्यूंची नोंद झालेली होती. ज्या दवाखान्यात केवळ यंत्रासोबत आलेला मूळ कागद असेल आणि नंतरचा इशारा कोणी त्याला जोडला नसेल, तेथे हा धोका तसाच राहतो.

चौथे कारण अलीकडचे आहे. आता काही यंत्रे मोबाईलला जोडलेली असतात. लहान मुलांच्या मधुमेहात दंडावर चिकटवायचे आणि दिवसरात्र साखर मोजणारे यंत्र काही घरांत आले आहे. साखर घसरली की मोबाईल वाजतो. पण मोबाईलची प्रणाली बदलली, सूचनांची मांडणी बदलली, की तो गप्प बसू शकतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या त्याच प्रशासनाने असा इशारा दिला आहे. यंत्र तेच, रुग्ण तोच, फक्त मोबाईल बदलला. पुस्तिका मात्र पुन्हा पाहावी लागते.

यातच आणखी एक गोष्ट जोडतो. परदेशी असलेली मुले आईवडिलांसाठी प्रेमाने यंत्र आणतात. इंग्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलिया या देशांत साखर वेगळ्या एककात मोजतात. तेथली ७ म्हणजे आपल्याकडची १२६. त्या आकड्याला १८ ने गुणले की आपला आकडा मिळतो. मात्र हे माहीत नसलेल्या माणसाला ७ दिसले, तर साखर भलतीच उतरली समजून तो गूळ खायला लागेल!

यंत्राने सांगितले, पुस्तिकेने सांगितले नाही

यंत्राच्या काचेवरची खूण आणि पुस्तिका यांची फारकत झाली तर काय होते, याचा सर्वांत कटू धडा कर्करोगावरच्या किरणोपचारात मिळाला. कॅनडात तयार झालेले ‘थेरॅक-२५’ नावाचे यंत्र १९८०च्या दशकात अमेरिका आणि कॅनडातल्या काही रुग्णालयांत वापरात होते. मार्च १९८६ मध्ये टेक्सास राज्यातल्या टायलर या गावी एका रुग्णावर उपचार चालू असताना यंत्राने पडद्यावर ‘मालफंक्शन ५४’, म्हणजे ‘बिघाड ५४’, असे दाखवले. ५४ म्हणजे काय, हे यंत्र चालवणाऱ्यांच्या पुस्तिकेत लिहिलेले नव्हते. असे संदेश त्या यंत्रावर वरचेवर येत, आणि एक कळ दाबून काम पुढे चालू करण्याची सवय पडली होती. त्याही दिवशी कळ दाबली गेली. रुग्णाला ठरलेल्या मात्रेच्या कितीतरी पट किरण बसले. सुमारे पाच महिन्यांनी तो दगावला. पहिल्या अपघाताच्या पुढच्याच महिन्यात त्याच रुग्णालयात आणखी एका रुग्णाला अशीच अतिमात्रा बसली, आणि तोही दगावला.

१९८५ ते १९८७ या काळात त्या यंत्राने अशा सहा रुग्णांना अतिमात्रा दिली. मूळ दोष संगणकाच्या कार्यक्रमात होता, आणि चूक झाली तर यंत्र आपोआप थांबवणारी स्वतंत्र यांत्रिक सोय काढून टाकलेली होती. हे दोष तंत्रज्ञांनी शोधायचे. पण यंत्रापुढे बसलेल्या माणसाच्या हातात काय होते? एक आकडा, आणि त्या आकड्याबद्दल मौन पाळणारी पुस्तिका.

टायलर कुठे आणि अमडापूर कुठे! पण आजींच्या यंत्रावरचा ‘हाय’ आणि टायलरचा ‘५४’ यांची जात एकच. यंत्र बोलले, आणि ते काय बोलले हे सांगणारे कोणी नव्हते.

माझेच कपाट

दुसऱ्याच्या कपाटाबद्दल इतके बोलल्यावर मला माझे कपाट उघडणे भाग होते. एका रविवारी ते उघडले. ११ पुस्तिका निघाल्या. त्यांतल्या चार ज्या यंत्रांच्या होत्या ती यंत्रे कधीच मोडीत गेली होती. उलट, चालू वापरातल्या तीन यंत्रांची पुस्तिकाच नव्हती. त्यांत रोज पन्नास वेळा हाती घेतले जाणारे रक्तदाबाचे यंत्रही होते.

त्या यंत्राची चालू पुस्तिका मी कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरून उतरवून घेतली आणि प्रथमच शेवटपर्यंत वाचली. यंत्रासोबतचा पट्टा २२ ते ३२ सेंटीमीटर घेराच्या दंडासाठीच आहे, असे त्यात होते. जाड दंडाला लहान पट्टा लावला की रक्तदाब खऱ्यापेक्षा जास्त दिसतो, हे मी विद्यार्थी असल्यापासून जाणतो. पण माझ्या पट्ट्याची मर्यादा ३२ आहे, हे मी कधी पाहिले नव्हते. दुसऱ्या दिवसापासून टेबलावर शिंप्याचा टेप ठेवला. पहिल्याच आठवड्यात पाच जणांचे दंड ३२ च्या वर निघाले. मोठा पट्टा मागवला. त्यांपैकी एका भाऊंचा रक्तदाब मोठ्या पट्ट्याने पुन्हा पुन्हा पाहिला तेव्हा तो औषध वाढवण्याइतका नव्हताच. मी मात्र त्यांची गोळी वाढवून बसलो होतो. ती कमी केली आणि त्यांची माफीही मागितली.

डॉक्टरने पुस्तिका वाचण्यात कमीपणा नाही. न वाचण्यात आहे.

सरकारी दवाखान्यांची गोष्ट

हा प्रश्न एकट्या-दुकट्याचा नाही. २०१५ च्या सुमारास केंद्र सरकारने देशभरातल्या सरकारी दवाखान्यांतल्या यंत्रांची मोजदाद करवली. सुमारे २९ हजार संस्थांतली साडेसात लाखांहून अधिक उपकरणे मोजली गेली. निरनिराळ्या राज्यांत त्यांपैकी १३ ते ३४ टक्के उपकरणे बंद पडलेली आढळली. त्यानंतर जैववैद्यकीय उपकरणांच्या देखभालीचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. जिल्हा रुग्णालयातली उपकरणे ९५ टक्के वेळ, ग्रामीण रुग्णालयांच्या पातळीवरची ९० टक्के वेळ आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातली ८० टक्के वेळ चालू राहिली पाहिजेत, असे उद्दिष्ट त्यात ठरवले आहे.

पण चालू असणे म्हणजे नीट वापरले जाणे नव्हे. लसी ठेवायच्या शीतपेटीचे पाहा. लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहिली पाहिजे. जुन्या धाटणीच्या पेटीत तळाशी जास्त थंडी असते. म्हणून धनुर्वातासारख्या, गोठल्यावर निकामी होणाऱ्या लसी तळाशी ठेवायच्या नाहीत, असा नियम. नव्या काही पेट्यांत लस गोठू नये याची सोय पेटीतच केलेली असते. ज्याला एकाच पेटीचा नियम पाठ आहे, तो नवी सोडून जुन्या पेटीवर कामाला गेला, तर पाठ केलेलेच अंगाशी येईल. पेटीच्या झाकणावर त्याच पेटीची मांडणी चिकटवलेली हवी, शेजारच्या पेटीची नव्हे.

२०२१ च्या दुसऱ्या लाटेत गावोगाव ऑक्सिजन तयार करणारी यंत्रे आली. कोणी देणगी दिली, कोणी वर्गणी काढून घेतली. आज त्यांतली कित्येक कोपऱ्यात झाकून ठेवलेली दिसतात. या यंत्रात हवेतला नायट्रोजन शोषून घेणारे खडे असतात, आणि त्यांना ओलावा सोसत नाही. हवा गाळणारी जाळी दर किती दिवसांनी धुवायची, बाटलीत कोणते पाणी भरायचे, वापर नसतानाही यंत्र किती दिवसांनी थोडा वेळ चालवायचे, हे सारे त्या त्या यंत्राच्या पुस्तिकेत असते. ज्यांच्या गावी असे यंत्र आहे, त्यांनी आज एवढेच करावे. झाकण काढून मॉडेल क्रमांक वाचावा आणि त्याची पुस्तिका कोणाकडे आहे ते विचारावे. उत्तर मिळाले नाही, तर यंत्र असून नसल्यासारखे आहे.

छापील बरी की मोबाईलवरची?

हा प्रश्न मला नेहमी विचारतात. माझे उत्तर असे, की दोन्ही हव्यात, पण दोघींची कामे वेगळी आहेत.

मोबाईलवरची पुस्तिका ताजी असते. कंपनीने काही बदलले तर तेथे आधी कळते. अक्षर मोठे करून वाचता येते, हवा तो शब्द शोधता येतो. पण लाईट गेली, बॅटरी उतरली, रेंज नसली, किंवा ज्याच्या मोबाईलमध्ये पुस्तिका आहे तो माणूस शेतात किंवा पुण्यात असला, की ती नाही. छापील कागदाला यांतले काही लागत नाही. रात्री दोन वाजता टॉर्च लावून तो वाचता येतो. पण तो आपणहून बदलत नाही. म्हणून ताजेपणा मोबाईलवरून घ्यावा आणि हाताशी मात्र कागद ठेवावा.

मोबाईलवरून पुस्तिका घेताना दोन पथ्ये पाळावीत. एक, ती कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून किंवा खोक्यावरच्या कोडवरूनच घ्यावी. सारख्या दिसणाऱ्या यंत्राचा कोणी केलेला व्हिडिओ म्हणजे पुस्तिका नव्हे. दोन, मोबाईलने केलेले मराठी भाषांतर समजून घेण्यापुरते चालेल, पण त्यातले आकडे आणि एकके मूळ इंग्रजीशी ताडून पाहावीत. इंग्रजी येत नसेल तर शाळेतल्या गुरुजींना किंवा औषध दुकानदाराला विचारावे. विचारायला पैसे पडत नाहीत.

घरची यंत्रवही

आता प्रत्यक्ष काय करायचे ते सांगतो. शंभर पानी एक वही घ्यावी आणि तिला यंत्रवही म्हणावे. घरातल्या प्रत्येक आरोग्य-यंत्राला तीत एक पान द्यावे. त्या पानावर पुढील गोष्टी लिहाव्यात.

१. यंत्राचे नाव, मॉडेल क्रमांक, अनुक्रमांक आणि खरेदीची तारीख. पावती तिथेच चिकटवावी.

२. पुस्तिकेची आवृत्ती. पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर, अगदी तळाशी, आवृत्तीचा क्रमांक किंवा महिना-वर्ष छापलेले असते. तो लिहून ठेवला की पुढे नवी आवृत्ती आली का, हे एका नजरेत कळते.

३. पुस्तिका कुठे आहे. छापील कोणत्या कपाटात, आणि मोबाईलवरची कोणाकोणाच्या मोबाईलमध्ये. हे मोबाईल निदान दोन असावेत, आणि त्यांतला एक घरातच राहणाऱ्या माणसाचा असावा.

४. काचेवर येणाऱ्या खुणा आणि त्यांचे अर्थ, मोठ्या मराठी अक्षरांत. साऱ्या पुस्तिकेचे भाषांतर करायची गरज नाही. हे अर्धे पानच वेळेला जीव वाचवते.

५. पट्ट्यांची डबी उघडल्याची तारीख. ती डबीवरही पेनाने लिहावी.

६. कंपनीचा ग्राहक सेवेचा क्रमांक. तो यंत्राच्या किंवा पट्ट्यांच्या खोक्यावर असतो. शंका आली तर फोन करावा आणि आधी मॉडेल क्रमांक सांगावा.

नवे यंत्र आले की जुन्याच्या पानावर आडवी रेघ मारून ‘बंद’ असे तारखेसह लिहावे. जुनी पुस्तिका त्याच दिवशी रद्दीत टाकावी. जुने यंत्र अजून चालू असेल आणि ठेवायचे असेल, तर पुस्तिका त्याच यंत्राला रबर लावून बांधावी, म्हणजे चुकून दुसऱ्याच्या कामी येणार नाही. आपल्याला काही फेकवत नाही, हे मला माहीत आहे. पण चुकीची पुस्तिका जपणे म्हणजे मुदत संपलेले औषध जपण्यासारखे आहे.

यंत्राने चुकीचा आकडा दाखवला किंवा त्यामुळे कोणाला इजा झाली, तर गप्प बसू नये. वैद्यकीय उपकरणांपासून होणाऱ्या त्रासाची नोंद घेणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१५ पासून चालू आहे. १८००-१८०-३०२४ या विनाशुल्क क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. आपल्या एका नोंदीवरून पुढच्या पुस्तिकेत एक ओळ वाढू शकते. तो २००९ चा इशाराही अशाच नोंदींतून निघाला होता.

‘हाय’ आणि ‘लो’

ज्यांच्या घरी साखरेचे यंत्र आहे, त्यांनी एवढे आजच कापून कपाटावर चिकटवावे. आपल्या यंत्रात खुणा वेगळ्या असतील तर पुस्तिकेवरून दुरुस्त करून घ्यावे.

‘हाय’ आले तर साखर मर्यादेपलीकडे वाढली आहे. हात साबणाने धुऊन, कोरडे करून नव्या पट्टीने पुन्हा पाहावे. बोटाला गूळ, आंबा, साखर लागली असेल तरीही आकडा फुगतो. पुन्हा ‘हाय’ आले तर वाट न पाहता डॉक्टरकडे जावे.

‘लो’ आले तर साखर फारच खाली गेली आहे, बहुतेक यंत्रांत २० च्या खाली. माणूस शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल, तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी, मग दवाखाना गाठावा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये, घास श्वासनलिकेत जातो. कुशीवर वळवून १०८ ला फोन करावा.

वर्षातून दोनदा

यंत्रवही एकदा लिहून भागत नाही, ती वर्षातून दोनदा उघडावी. त्यासाठी वेगळी तारीख लक्षात ठेवायला नको. खंडेनवमीला आपण ट्रॅक्टर धुतो, शिलाई मशीनला हळदकुंकू वाहतो, मोटारपंपाला झेंडूची माळ घालतो. त्याच दिवशी साखरेचे आणि रक्तदाबाचे यंत्रही पाटावर ठेवावे. पूजा झाली की यंत्र उलटे करून मॉडेल क्रमांक वाचावा, तो पुस्तिकेशी ताडावा, नवी आवृत्ती आली का ते पाहावे, पट्ट्यांची मुदत पाहावी. दुसरा दिवस गुढीपाडव्याचा. मध्ये साधारण सहा महिने जातात.

आजी आता बऱ्या आहेत. परवा तपासणीला आल्या होत्या. नातवाने यंत्रवही बरोबर आणली होती. पहिल्या पानावर त्याने लाल शाईने ‘हाय’ लिहून खाली रेघ ओढली आहे, आणि पुढे आपल्या अक्षरात लिहिले आहे: ‘हसायचे नाही. काकांना बोलवायचे.’

त्याच्या पुस्तिकेत मला दुरुस्ती करावीशी वाटली नाही.